डाव्या हाताची कात्री

नव्या नियमांची बातमी मिस्त्रीला मेहुणीकडून कळली, आणि तीही टोमण्यासकट.

"भावोजी, आता तरी त्या खोलीला कुलूप लावा," ती फोनवर म्हणाली. "सरकारच म्हणतंय. खासगी शिवणवर्गांचे जुने परवाने रद्द. आता वर्ग कुणाचा ते विचारत नाहीत, शिकवतं कोण ते विचारतात. तुम्ही काय शिकवणार? मशीनला तेल घालायला?"

"तेही कुणाला धड येत नाही," मिस्त्री म्हणाला.

"विनोद नका करू. ताई गेल्यापासून एकदा तरी पोटभर जेवलात का? आमच्याकडे या राहायला. खोली देऊन टाका."

मिस्त्री 'बघतो' म्हणाला. तो 'बघतो' म्हणाला की बघणार नाही, हे मेहुणीला पाठ होतं. तिने फोन आपटला.

वर्ग मिस्त्रीच्या बायकोचा होता. चपलांच्या दुकानावरची लांबट खोली, रस्त्याच्या बाजूला खिडक्या, भिंतीला लागून शिलाई मशिनी आणि मधोमध कापायचं मोठं टेबल. शिकायला येणाऱ्या तिला बाई म्हणायच्या. मागच्या छोट्या खोलीत बसून तो मशिनी दुरुस्त करायचा म्हणून त्याला मिस्त्री काका. त्याला कापडातलं काही कळत नव्हतं. "यांच्या हातात कात्री दिली तर शर्टाला तिसरी बाही निघेल," असं ती भर वर्गात सांगायची आणि मुली खिदळायच्या. तो आत बसून ऐकायचा आणि त्याला बरं वाटायचं.

ती गेली ती इस्पितळात, दिवसाउजेडी, बोलता बोलता. जाण्याआधी एवढंच म्हणाली, "वर्ग बंद पडू देऊ नका." जन्मात तिने त्याच्याकडे काही मागितलं नव्हतं. त्याने हो म्हटलं. नंतर नर्सने तिच्या डाव्या हाताच्या बोटातलं अंगुस्तान साबण लावून काढायचा प्रयत्न केला. सुईपासून बोट वाचवायची ती पितळेची टोपी. बोटं सुजली होती, ती निघेना. "राहू द्या," मिस्त्री म्हणाला. ते तिच्याबरोबरच गेलं.

डाव्या हाताच्या, कारण ती डावखुरी होती. लग्नानंतर पहिल्याच वर्षी त्याने बाजार पालथा घालून तिच्यासाठी डाव्या हाताची कात्री शोधून आणली होती. तिची पाती उलट बसवलेली असतात. उजव्या हाताने धरली की कापड पात्यांमध्ये दुमडतं, कापत नाही. त्या कात्रीला दुसरं कुणी हात लावायचं नाही, हा वर्गातला पहिला नियम.

आणि गंमत अशी, की डावखुऱ्या बाईंकडे शिकून एकही मुलगी डावखुरी झाली नाही. ती नेहमी टेबलाच्या पलीकडे, मुलींच्या समोर उभी राहायची. "मी तुमचा आरसा," म्हणायची. "माझा डावा तो तुमचा उजवा." कुणी मान वर करून तिच्याकडे बघितलं की, "माझ्या तोंडावर काय बाहीचा मुंढा काढलाय? रेघेकडे बघ." चुकलं की टेबलावरून वाकून अंगुस्तान बोटावर टक्कन मारायची. जमलं तर बोलायची नाही. तेच अंगुस्तान हाताच्या पाठीवर एकदा हलकेच दाबायची आणि पुढच्या मुलीकडे जायची. एवढी एक शाबासकी मिळावी म्हणून मुली जीव टाकायच्या.

ती गेल्यावर मिस्त्रीने कात्रीला तेलाचा हात दिला, टेबलामागच्या खिळ्याला टांगली आणि वर्गाला कुलूप लावलं. पण मेहुणीच्या फोननंतर तो त्या नियमांचाच विचार करत बसला. नियमात असंही होतं म्हणे, की ज्या वर्गात शिकणारं कुणी नाही आणि नोंदणी केलेला शिक्षक नाही, त्याला पुन्हा कधी परवाना मिळणार नाही. हो म्हटलं होतं त्याने. तोंडाने म्हटलं होतं.

त्याने चिमणीला बोलावलं. चिमणी म्हणजे बाईंची जुनी विद्यार्थिनी. अखंड चिवचिवाट, म्हणून बाईंनीच ठेवलेलं नाव. तिने नव्या पद्धतीची परीक्षा दिली होती आणि तिच्याकडे प्रमाणपत्र होतं. मोबाइलवर नियम उघडून तिने मिस्त्रीला वाचून दाखवले.

"ऐका काका. वर्गात जो शिकवतो त्याचंच नाव पाटीवर पाहिजे. नोंदणी नसलेल्या दुसऱ्या कुणी शिकवलेलं आढळलं, तर परवाना कायमचा बंद. तपासायला माणूस येणार, आणि मुलींकडून समोर बसून कापून घेणार."

"आणि ज्यांच्याकडे प्रमाणपत्र नाही, पण हातात कला आहे? म्हाताऱ्या शिंप्यांनी काय करायचं?"

"त्यांची जागेवर परीक्षा. तपासणीच्या वेळीच पास झाले, तर त्यांचीही नोंदणी आणि आधीचं शिकवलेलं माफ." चिमणी हसली. "तुम्ही देता का काका? तिसऱ्या बाहीचा शर्ट शिवून दाखवा."

मिस्त्रीही हसला. बऱ्याच दिवसांनी. मग स्टूल घेऊन खाली गेला आणि चिमणीच्या नावाची लावायला बायकोच्या नावाची पाटी उतरवली. स्क्रू गंजले होते, पण हातानेच निघाले. जागा सोडायला बायको कधीच कुरकुर करायची नाही.

वर्ग सुरू झाला. सगळ्या नव्या. यातल्या एकीनेही बाईंना पाहिलं नव्हतं. त्यात एक बेकरीत काम करणारी पोक्त बाई होती, तिला सगळ्या बेकरीवाली म्हणायच्या. चिमणी भिंतीवर आकृत्या लावून, आजच्या पद्धतीने शिकवायची. मिस्त्री मागच्या खोलीत मशिनी खोलून बसायचा आणि पलीकडचा आवाज ऐकायचा. कुणाचं मशीन धागा तोडतंय, कुणाचा पट्टा घसरतोय, हे त्याला न बघता कळायचं.

एके दिवशी खिळ्यावरची कात्री पुसायला गेला, तर तेल गेलेलं. पाती स्वच्छ आणि धारेला सुताचे बारीक तंतू चिकटलेले.

त्याच्या डोक्यात सणक गेली. "चिमणे, ही कात्री कुणी काढली?"

"मी हात लावीन का काका तिला?" चिमणीचा चेहरा पडला. "बाईंनी एवढी वर्षं लावू दिला नाही." मग तिने आवाज खाली आणला. "मी तुम्हाला सांगणारच होते. कसं सांगायचं ते कळत नव्हतं. उद्या कापायच्या वेळी दारात उभे राहा आणि बघा."

दुसऱ्या दिवशी तो दारात उभा राहिला. भर दुपार होती, खोलीत लख्ख उजेड. मुली टेबलापाशी आल्या. पहिलीने खिळ्यावरची कात्री काढली, डाव्या हातात धरली आणि कापायला लागली. मागे वळून न बघता, न अडखळता. संपल्यावर कात्री दुसरीकडे दिली. तिनेही डाव्या हातात घेतली. मग तिसरीने. बाकीच्या कात्र्या टेबलावर नुसत्या पडल्या होत्या. प्रत्येकीचा मुंढा, म्हणजे बाही बसते ती गोलाई, एका दमात, कात्री न उचलता कापला जात होता. तसा मुंढा कापणारा हात मिस्त्रीने आयुष्यात एकच पाहिला होता.

बेकरीवालीचं झाल्यावर त्याने तिला बाजूला घेतलं. "तुम्ही डावखुऱ्या आहात का?"

"मी? नाही हो काका. लिहायचं, जेवायचं, घरी सगळं उजव्यानेच." तिने आपल्या डाव्या हाताकडे बघितलं, जसा काही तो दुसऱ्याचा असावा. "इथं टेबलापाशी आलं की हाच उठतो."

"असं कुणी शिकवलं?"

"इथंच शिकवलं की."

"कुणी पण?"

बेकरीवालीने चिमणीकडे बघितलं. "यांनीच असेल ना. दुसरं कोण आहे इथं?" मग डाव्या हाताची पाठ चोळत म्हणाली, "काका, ती खिडकी तेवढी लावून घ्या. कापताना हातावर काहीतरी गार लागतं. एवढुस्सं, एकाच जागी."

खिडक्या लावलेल्याच होत्या.

मुली गेल्यावर चिमणी न वापरलेल्या साध्या कात्र्या गोळा करत राहिली. शेवटी म्हणाली, "काका, मी विचार केला. बाई समोर उभ्या राहायच्या, म्हणून आम्ही सगळ्या उजव्या निघालो. आरसा. या जर डाव्या निघत असतील, तर शिकवणारं समोर उभं नाही." तिने आपलाच डावा हात उजव्याने धरला. "डाव्या माणसाकडून डावं कधी शिकतो आपण? तो मागे उभा राहून आपला हात धरतो तेव्हा."

दोघांनीही टेबलाकडे बघायचं टाळलं.

घरी गेल्यावर मिस्त्रीला भीती वाटायला हवी होती. वाटलीही, थोडी. पण भीतीखाली दुसरंच काहीतरी होतं आणि ते जास्त बोचत होतं. ती येते. येऊन परक्या बायकांचे हात धरते. त्या कोण, कुठल्या. आणि तो भिंतीपलीकडे बसलेला असतो, बॉबिन साफ करत.

पुढे काही दिवस जेवणाच्या सुट्टीत, मुली खाली गेल्या की, तो टेबलापाशी जाऊन उभा राहायचा. डाव्या हातात कात्री धरायचा, एखादी चिंधी पुढे घ्यायचा आणि वाट बघायचा. काही व्हायचं नाही. चिंधी कुरतडल्यासारखी व्हायची. खालून चपलावाल्याचा रेडिओ ऐकू यायचा. 'बरोबर आहे,' तो स्वतःशी म्हणायचा. 'तिला शिकवायचंय. मी कुठे शिकायला आलोय?' आणि कात्री खिळ्याला लावून आत जायचा.

मग तपासणी आली.

तपासणाऱ्या मॅडम एकट्याच आल्या. घामाघूम झालेल्या, चष्मा नाकावर घसरलेला, हातात जाड पिशवी. आधी कुठेतरी दुसरा वर्ग बंद करून आल्या होत्या, तसं त्यांनी स्वतःच सांगितलं. माणूस वाईट नव्हता, दमलेला होता. पाणी प्यायल्या, पाटी बघितली, मशिनी बघितल्या. मशिनी बघून म्हणाल्या, "छान ठेवल्यात." मिस्त्रीची छाती इंचभर फुगली. मग त्या टेबलाच्या पलीकडे खुर्ची ओढून बसल्या.

"चला, एकेकीने मुंढा कापायचा."

चिमणीने मिस्त्रीकडे बघितलं. आदल्या दिवशी तिने मुलींना हात जोडून सांगितलं होतं, की बायांनो, उद्या उजवा हात. मुली हो हो म्हणाल्या होत्या. पण टेबलापाशी आल्या आणि पहिलीचा हात खिळ्याकडे गेला. डावा.

तिसरी मुलगी कापत असताना मॅडमनी चष्मा वर सरकवला. "थांबा. ह्याही डाव्याच?" त्या चिमणीकडे वळल्या. "तुम्ही कापून दाखवा."

चिमणीने टेबलावरची साधी कात्री घेऊन कापून दाखवलं. उजव्या हाताने. नीट कापलं.

"एखादी मुलगी डावखुरी असते, समजू शकते," मॅडम म्हणाल्या. "अख्खा वर्ग? यांना तुम्ही शिकवलेलं नाही. हे दुसऱ्या कुणाचं तरी काम आहे. कोण ते सांगा, नाहीतर मला काय लिहावं लागेल ते तुम्हाला माहीत आहे."

चिमणीने हातातली कात्री टेबलावर ठेवली. मुली एकमेकींकडे बघायला लागल्या. खालचा रेडिओ वर आल्यासारखा वाटला.

"मी," मिस्त्री म्हणाला.

"काका!" चिमणीच्या तोंडून निघालं.

"मी शिकवतो यांना," त्याने पुन्हा सांगितलं. आयुष्यात कधी धड खोटं बोलता आलं नव्हतं त्याला. बायको चेहऱ्यावरून ओळखायची. "नोंदणी नाही माझी. जागेवर परीक्षा घ्या."

मॅडमनी त्याच्याकडे बघितलं. तेलाने काळी झालेली नखं, खिशाला लावलेला स्क्रूड्रायव्हर. त्यांनी सुस्कारा सोडला. पिशवीतून कापड काढलं, घडी घातली, आपला कागदी नमुना त्यावर ठेवून खडूने रेघ मारून दिली.

"एका दमात कापायचं. कात्री उचलायची नाही. आणि परीक्षा चालू असताना जवळ कुणी उभं राहायचं नाही, मदत करायची नाही. केली तर परीक्षा संपली. मुलींनो, तिकडे खिडकीपाशी व्हा सगळ्या."

सगळ्या खिडकीपाशी गेल्या. चिमणीही. मिस्त्रीने खिळ्यावरची कात्री काढली आणि डाव्या हातात धरली. चिंध्या कुरतडताना धरायचा तशीच. त्याने पातं रेघेवर ठेवलं.

आणि हाताच्या पाठीवर गार लागलं.

एवढुस्सं. एकाच जागी. पितळेचं.

मग बाकीचा हात आला. तो ओळखायला त्याला वेळ लागला नाही. इस्पितळातला सुजलेला हात नव्हता, आधीचा होता. सुईने टोचून टोचून खरखरीत झालेला. त्याच्या मानेपाशी खडूचा वास आला. कात्री आपली आपण चालायला लागली, पाती कापडातून कशी सरळ, न थांबता, पाण्यातून बोट फिरवावं तशी. मिस्त्रीच्या मनात एकच होतं. आली. माझ्यासाठी आली.

रेघ वळणावर आली. मॅडम खाली मान घालून काहीतरी लिहीत होत्या. तशाच, वर न बघता म्हणाल्या, "त्या मागच्या बाई, जरा लांब व्हा. हात लावायचा नाही, सांगितलं ना मी."

चिमणीसकट सगळ्या खिडकीपाशीच होत्या.

मिस्त्री थांबला. पण कात्री त्याने उचलली नाही. "राहू द्या मॅडम," तो म्हणाला. आवाज कुठून आला त्यालाच कळलं नाही. "आमच्या घरच्याच आहेत."

"घरच्या असोत नाहीतर दारच्या. त्या बाजूला होणार असतील तर पुढे कापा. नाहीतर कात्री खाली ठेवा, मी लिहून टाकते आणि निघते. मला अजून दोन ठिकाणी जायचंय."

तो हात हलला नाही. तो त्याच्या हातावर तसाच होता. मिस्त्रीला कळलं की ती आपण होऊन जाणार नाही. मुंढा अर्धा राहिलाय, तो टाकून ती कधीच गेली नसती. मागे वळलं तर ती दिसेल, हेही त्याला कळलं. मान थोडीशी फिरवायची, बस. इतके दिवस तो त्याचसाठी उभा राहत होता. आणि वळलं की वर्ग गेला. तिची खोली, तिचं टेबल, आणि तिला म्हटलेलं हो.

त्याच्या डोळ्यांतलं पाणी कापडावर पडलं आणि खडूची रेघ जरा भिजली.

"सोड आता," तो हळू म्हणाला. "मी करतो."

मग हाताच्या पाठीवर अंगुस्तान एकदा दाबलं गेलं. हलकेच. आणि हात मोकळा झाला. डाव्या हाताला एकदम उघडं पडल्यासारखं वाटलं, कुणीतरी पांघरूण काढून घ्यावं तसं.

उरलेलं वळण त्याने एकट्याने कापलं. जीभ दातांत धरून, कात्री न उचलता. रेघ दोनदा सुटली, दोनदा सापडली.

मॅडमनी कापड हातात घेतलं, खिडकीकडे धरून बघितलं. "सुरुवात फार सुरेख. शेवट कामचलाऊ." त्यांनी घडी घातली. "चालेल. पाटीवर यांचंही नाव टाका. इथून पुढे दोघं शिकवणार, असं लिहिते मी."

चिमणीला रडावं की हसावं ते कळेना. ती मॅडमना सोडायला जिन्यापर्यंत गेली. पहिल्या पायरीवर मॅडम वळल्या. "आणि त्या बाईंना सांगा, नोंदणी करून घ्या म्हणावं. असा हात फुकट घालवू नये."

"कुठल्या बाई?" चिमणीने विचारलं. न राहवून विचारलं.

"कुठल्या काय? अंगुस्तानवाल्या," मॅडम म्हणाल्या आणि कठड्याला धरून खाली उतरल्या.

परवाना आला. दुसऱ्या दिवसापासून मुलींचे हात सरळ झाले. टेबलापाशी आल्या, साध्या कात्र्या उचलल्या, उजव्या हाताने. नवशिक्यांचं जातं तसं वेडंवाकडं जायला लागलं. मिस्त्रीने बेकरीवालीला विचारलं, "डाव्याने का नाही कापत आज?" तर ती तोंडाला पदर लावल्यासारखा हात लावून हसायला लागली. "काहीतरीच काका. मी कुठे डावखुरी?" त्याने बाकीच्यांना विचारलं. कुणालाच काही आठवत नव्हतं. चिमणीला सगळं आठवतं, पण ती त्यावर बोलत नाही. एवढ्या एका गोष्टीवर ती बोलत नाही.

मेहुणीचा फोन आला. "आवाज बरा येतोय भावोजी. काय चाललंय?"

"शिकवतोय," मिस्त्री म्हणाला.

"कुणाला? काय? देवा रे, तिसरी बाही काढाल कुणाच्या तरी शर्टाला."

"काढली तर तुला पाठवीन," तो म्हणाला.

आता तो रोज टेबलाच्या पलीकडे उभा राहतो, मुलींच्या समोर. डाव्या हातात तीच कात्री. त्याच्या उजव्या हाताला अजूनही कापता येत नाही, डाव्याला रोज थोडं जास्त येतं. "माझा डावा तो तुमचा उजवा," तो मुलींना सांगतो. कुणी वर बघितलं की म्हणतो, "माझ्याकडे काय बघता? रेघेकडे बघा."

त्याच्या पाठीमागून भिंतीवरच्या कपाटाकडे जायची वाट आहे. दोरे तिथेच असतात, त्यामुळे मुलींची सारखी ये-जा असते. तिथून जाताना त्या भिंतीला अंग चोरून जातात. वाट चांगली रुंद आहे, पण मिस्त्रीच्या मागे एक माणूस उभं राहील एवढी जागा सोडून जातात. नवी मुलगी आली तरी पहिल्या दिवसापासून तशीच जाते. का, ते त्यांना विचारलं तर सांगता येणार नाही.

मिस्त्री विचारत नाही. मागे वळूनही बघत नाही. तो रेघेकडे बघतो.